‘मा.’ पूर्ण अक्षरांत

८ सप्टेंबर

ठोक्या,

तुझं पत्र मिळालं. वर "ती. ताईस सा. न. वि. वि." आणि खाली "क. लो. अ. ही वि." हा नमस्कार आहे की गाडीचा नंबर? जन्मभर लोकांची अक्षरं दगडात कोरतोस आणि सख्ख्या बहिणीला चार शब्द पूर्ण लिहायला तुझा हात दुखतो! फोनवर झापलं असतं, पण छिन्नी-हातोड्याने तुझे कान कधीच खाल्लेत. मी विचारते, "कसा आहेस?" आणि तू सांगतोस, "हो, जेवलो." म्हणून कागदावर बोलते. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा सावकाश वाच.

नववीच्या पुस्तकात यंदा एक कविता आहे. दोनशे वर्षांपूर्वीची, परक्या भाषेतून आलेली. "रोमँटिक काळातली कविता" असं मी म्हटलं मात्र, मागच्या बाकांवर खसखस पिकली. एका दिवट्याने तर केस नीट केले. मी म्हटलं, गाढवांनो, इथे प्रेमबीम काही नाही. ते कवी राजवाड्यात रमायचे नाहीत. वादळवाऱ्यात, पडझडीत जाऊन उभे राहायचे आणि मोठमोठ्यांचं शेवटी काय झालं ते बघून यायचे.

एक राजा आहे. त्याला घंटा ओतायची आहे, सात राज्यांत ऐकू जाईल अशी. तो हुकूम काढतो, घरटी एक भांडं आणून द्या. लोक देतात, न देऊन सांगतात कुणाला! घंटेच्या काठावर तो लिहून घेतो, "हा नाद ऐकेल त्याने मान खाली घालावी." पुढच्या कडव्यात राजा नाही, राज्य नाही. दलदल आहे. घंटा आडवी पडून अर्धी चिखलात रुतली आहे आणि आत बेडूक राहतात. ते ओरडले की आतून आवाज मोठा होऊन येतो आणि प्रत्येक बेडकाला वाटतं, राजा तो मीच. कवी राजाला एक शब्द वाईट बोलत नाही. फक्त शेवटी दाखवतो की घंटेच्या पोटातून एक पळीचा दांडा बाहेर आलाय. कुण्या बाईची पळी, नीट वितळलीच नव्हती. राजाचं नाव चिखलाने बुजलंय आणि दांडा तेवढा ओळखू येतोय.

मी मुलांना लिहायला दिलं, "असं काही तुमच्या आजूबाजूला दिसतं का? दहा ओळी, दहा गुण." तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, वर्षभर तोंडातून शब्द नाही. मी तिला मुकी मैना म्हणते. तिने काय लिहिलं बघ. "आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीवर, बाकांवर, सायकलींच्या शेडवर आणि संडासातल्या बादलीवर एकच नाव आहे. बादली गळते पण नाव गळत नाही. हे सर्व माजी अध्यक्षांनी दिले असे लिहिले आहे. टाकी बांधणाऱ्या माणसांचे नाव कुठेच नाही. कवितेत पळीचा दांडा उरला. आमच्या टाकीत काय उरेल?"

मी ते दोनदा वाचलं. पण मी पडले मास्तरीण. 'माजी'वर लाल गोल केला. सगळीकडे "मा. अध्यक्ष" लिहिलेलं असतं ना, पोरीने त्या 'मा.'चं माजी केलं! समासात लिहिलं, "मा. म्हणजे माननीय. माजी म्हणजे होऊन गेलेला." दोन गुण कापले, आठ दिले.

आमचे मुख्याध्यापक पाठीचा कणा घरी ठेवून शाळेत येतात. त्यांनी ती वही उचलली आणि थेट संस्थेच्या अध्यक्षांपुढे नेऊन ठेवली. आज मला लेखी हुकूम आलाय. एक, या लाल पेनाने मीच त्या आठाचा शून्य करायचा आणि सही करायची. दोन, पुढच्या महिन्यात शाळेच्या दर्शनी भिंतीवर अध्यक्षांच्या नावाचा दगड बसणार आहे, त्या समारंभात सगळ्या शाळेपुढे माफीनामा वाचायचा. नाहीतर घरी बसा.

तेहतीस वर्षं शिकवते मी! तेहतीस वर्षांत बरोबर उत्तराला शून्य दिलेला नाही. सांग मला, काय समजतात काय हे लोक स्वतःला?

तुझी ताई


१५ सप्टेंबर

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार.

पंधरा अक्षरं झाली. दगडात असती तर अर्धा दिवस गेला असता. आता तरी खूश?

तुझं पत्र तीनदा वाचलं. बादली गळते पण नाव गळत नाही, यावर इतका हसलो की शेजारचा चहावाला बघायला आला. पोरगी गुणाची आहे. पण ताई, तुला राग येईल तरी सांगतो. दगडाखाली हात सापडला तर हिसका मारायचा नसतो, हळूच सोडवून घ्यायचा असतो. ही अक्कल मला पुस्तकाने नाही, डाव्या हाताच्या दोन बोटांनी दिलीय. तुझी दोनच वर्षं राहिलीत. करून टाक शून्य. पोरीला बाजूला घेऊन सांग, बाळ, तुझे खरे आठच. वाच तो माफीनामा, आणि वाचताना मनात हव्या तेवढ्या शिव्या घाल. माझी गिऱ्हाइकं 'थोर', 'दानशूर', 'लोकप्रिय' काय वाटेल ते कोरून घेतात. मी कोरतो आणि घरी जाऊन जेवतो. अक्षरं माझी, खोटेपणा त्यांचा. असे अध्यक्ष बघता बघता येतात आणि जातात, त्यांच्यापायी तू कशाला होळी करून घेतेस स्वतःची?

बरं, शाळेच्या भिंतीवरचा बाबांनी कोरलेला दगड अजून तिथेच आहे ना? सहज विचारतो.

इकडे सगळं ठीक. खोकला आहे, तो धुळीचा, त्याची काळजी करू नकोस.

कळावे, लोभ असावा ही विनंती. (बघ, पूर्ण लिहिलं.)

ठोक्या


२२ सप्टेंबर

ठोक्या,

तूसुद्धा? लोक बोलतात ते बोलतात, घरचा माणूसही तेच बोलायला लागला! "तुझे खरे आठच" असं पोरीच्या कानात सांगू आणि वहीत शून्य ठेवू? मग मी तिला काय शिकवलं? खरं ते कानात सांगायचं आणि खोटं ते सहीनिशी लिहायचं, हेच ना? ते तिला बाहेरची सगळी दुनिया शिकवणारच आहे, त्याला मी कशाला हवी?

आणि सहज विचारतोस काय! बाबांचा दगड नाही तिथे. तू पत्र लिहिलंस त्याच्या दोनच दिवस आधी कंत्राटदाराची माणसं आली आणि पहारीने उचकटून ट्रकमध्ये घालून घेऊन गेली. मी पोचले तेव्हा भिंतीवर चौकोनी खड्डा होता आणि खाली चुरा. "ही शाळा बाईंनी आणि मुलांनी बांधली." एवढीच तर ओळ होती. पहिल्या बाईंनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही म्हणून बाबांनी नुसतं 'बाई' कोरलं. आज त्यांचं नाव कुणाला आठवत नाही, तरी पत्ता विचारला की रस्त्यावरचा माणूस 'बाईंची शाळा' म्हणूनच दाखवतो. हेच त्या बादलीला खुपतंय. (बादली म्हणजे अध्यक्ष. हे नाव मुलांनी ठेवलंय. मी वर्गात कुणाला म्हणू देत नाही, पत्रात म्हणते.)

परवा त्यांनी मला कचेरीत बोलावलं होतं. त्यांच्यासमोरच्या खुर्च्यांचे पाय दोन बोटं कापलेत. मी आधी ऐकलं होतं, खोटं वाटलं होतं. बसले आणि माझी हनुवटी टेबलाशी आली. तेव्हा उठले आणि उभीच राहिले. हा संवाद जसाच्या तसा देते.

"बाई, या कवितेतला बेडूक कोण?"

"बेडूक."

"आणि राजा?"

"राजा."

"मग मी कुठून आलो यात?"

"तेच मला कळत नाहीये, साहेब. कवितेत तुम्ही नव्हता. वाचता वाचता तुम्हीच आत शिरलात."

मुख्याध्यापकांना खोकल्याची उबळ आली. बादलीचा चेहरा लालबुंद. मग एकदम गोड आवाज काढून म्हणतात कसे, "अहो, आठाचा शून्य करायला काय लागतं? खालून एक रेघ जोडली की झालं. तुमचीच शाई, तुमचाच हात." वही उघडून पुढे सरकवली, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं! ठोक्या, खोटं बोलणार नाही, क्षणभर हात पुढे गेला माझा. दोन वर्षं राहिली हे मलाही कळतं. पण त्या पानावर तिने सगळ्या अनुस्वारांची टिंबं गोल, ठसठशीत दिलीत रे. मी हात मागे घेतला.

वही त्यांनी पुरावा म्हणून टेबलाच्या खणात ठेवलीय. मैनाने मला जिन्यात गाठून विचारलं, "बाई, खरंच शून्य?" वर्षभरात पोर पहिल्यांदा बोलली आणि ते हे बोलली.

गर्वाचं घर खाली म्हणतात, पण हे घर खाली येईपर्यंत आम्ही काय करायचं, ते कोणी सांगत नाही. आणि एक गोष्ट. ऐकते की बाबांचाच दगड घासून त्याच्यावर या माणसाचं नाव कोरायला दिलंय. असलं काम हातात घेणारा तो निर्लज्ज पाथरवट कोण, मला एकदा त्याचे हात बघायचेत.

ताई


२९ सप्टेंबर

ताई,

हात बघायचेत म्हणालीस. बघ, हे पत्र त्याच हाताचं आहे.

शिव्या देण्याआधी ऐक. कंत्राटदार नेहमीचा. "एक जुना दगड आहे, तोंड घासून नवं कोरायचंय" एवढंच बोलला. कुठली शाळा, कुठलं गाव, काही नाही. मी हो म्हटलं. माझ्या तोंडून एकदा हो गेलं की गेलं, हे तुला माहीत आहे. दगड आला तो गोणपाटात गुंडाळलेला. त्याच दुपारी तुझं पहिलं पत्र आलं. पत्र वाचून गोणपाट सोडलं आणि खाली बसलो. 'शाळा'तला ळ, ताई! डावा गोळा मोठा, उजवा नखभर लहान. बाबांना लोक सांगायचे, दोन्ही सारखे काढा की. ते म्हणायचे, "माझी दोन पोरं सारखी आहेत का? थोरली थोरली, धाकटा धाकटा." तुला मी 'सहज विचारतो' लिहिलं ते सहज नव्हतं. दगड माझ्या पायाशी होता आणि मला वाटत होतं की तू म्हणशील, आहे की भिंतीवर, आणि हा दुसराच कुठलातरी निघेल. आणि वरून तुला शहाणपण शिकवलं. माझीच मला लाज वाटते.

दुसरं एक सांगायचंय. जाडी बघायला दगड उलटा केला तर मागेही अक्षरं! बाबांची नाहीत, त्यांच्याही आधीची, फार जुन्या वळणाची. वरची ओळ छिन्नीने फोडून काढलीय, नाव होतं तिथे. खालची ओळ शाबूत आहे. "यांची सत्ता अखंड राहो." कुणाची, ते राहिलं नाही. इथल्या दोन म्हाताऱ्या कारागिरांना आणून दाखवलं, त्यांनाही पत्ता नाही. म्हणजे कुणातरी बड्या माणसाचा टाकून दिलेला दगड बाबांनी उलटा करून तुमच्या बाईंसाठी वापरला. आणि आपल्याला कधी बोलले नाहीत! तुझ्या कवितेतली ती घंटा माझ्या शेडमध्येच पडली होती म्हण ना.

माझ्यापुढे चिठ्ठी आहे, अध्यक्षांच्या सहीची. "मा. अध्यक्ष", पुढे नाव, मग "यांच्या प्रेरणेने ही वास्तू उभी राहिली." खाली जाड अक्षरात सूचना, "मा. पूर्ण अक्षरांत कोरणे. संक्षेप चालणार नाही."

मी अजून छिन्नी लावलेली नाही. पण शब्द दिलाय, दहा तारखेला दगड भिंतीवर लागला पाहिजे. काय करू?

ठोक्या


३ ऑक्टोबर

काय करू म्हणून मला विचारतोस? पन्नाशी उलटलेला माणूस, बाबांच्या हाताखाली शिकलेला, आणि विचारतोस काय करू!

शब्द दिलाय म्हणे. शब्द त्यांना दिलास, आणि बाबांनी दिलेली अक्षरं? मी इथे एका रेघेसाठी नोकरी पणाला लावून बसलेय आणि माझा भाऊ तिकडे त्याच माणसाचं नाव कोरायला बाबांचा दगड घासायला निघालाय. लोक हसतील, आणि हसू देत.

त्या ळ ला हात लावलास तर मला भाऊ नाही, हे समजून चाल. यापुढे पत्र पाठवू नकोस. पाठवायचंच असलं तर तुझ्या त्या संक्षेपात पाठव, म्हणजे मला वाचावं लागणार नाही.


७ ऑक्टोबर

ती. ता.,

सा. न. द. पा. मा. पू. अ. को. क. लो. अ. ही वि.

ठो.

(ही एक ओळ मात्र पूर्ण. समारंभाला पुढच्या रांगेत उभी राहा आणि तुझी नववी बरोबर घे.)


१० ऑक्टोबर

ठोक्या, अरे ठोक्या,

तुझं ते कोडं मी रागाने चुरगाळून कपाटाखाली फेकलं होतं. आत्ता चार वाजता घरी आले, जमिनीवर पालथी पडून झाडूने बाहेर काढलं आणि वाचलं. "दगड पाठवला. मा. पूर्ण अक्षरांत कोरलं." मेल्या, आधी नाही सांगता येत?

पहिल्यापासून सांगते. मी समारंभाला गेले ते तुला मनातून पुसून. भिंतीवर जांभळा मखमली पडदा, समोर सगळी शाळा, बादलीसाहेब नव्या कोटात. मला मंचाच्या कोपऱ्यात उभं केलेलं, हातात त्यांनीच टाईप करून दिलेला माफीनामा. दोरी ओढली तर पडदा अडकला. मुख्याध्यापक धावले. पडदा अर्धा आला आणि त्यांच्याच डोक्यावर बसला. मुलं हसली, दटावली गेली. मग साहेबांनी स्वतः हिसका मारला.

माझ्या वर्गाची खोड तुला ठाऊक आहे. पाटी दिसली की मोठ्याने वाचायची, ही सवय मीच लावलीय. दुकान असो, दवाखाना असो. सगळे गप्प होते आणि त्यातून एक बारीक आवाज आला. मैनाचा! "माजी अध्यक्ष..." पुढचं ती वाचेपर्यंत सगळ्या नववीने उचललं होतं. "मा-जी अ-ध्य-क्ष!" आठवीने उचललं, सातवीने उचललं. पाचवीची पोरं तर टाळ्या देत म्हणायला लागली, त्यांना वाटलं घोषणाच आहे. आणि अक्षरं काय कोरलीयस रे! हातभर उंच, अशी खोल की शेवटच्या रांगेतल्या आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आली. 'माजी'चा जी तर बघत राहावा असा.

बादलीला आधी कळलंच नाही. हात जोडून हसत उभे, घोषणा झेलत. मग मागे वळून वाचलं. त्या तोंडाचं वर्णन मी करणार नाही, मला पाप लागेल. कंत्राटदार म्हणाला, उद्या बदलून देतो. गवंडी म्हणाला, सिमेंट भरलंय, आता भिंत फोडावी लागेल. शेवटी पोतं आणून दगडावर टांगलं.

आवाज बुडवायला म्हणून साहेब माझ्यावर ओरडले, "बाई, तुम्ही वाचा तुमचं!" मी माइकपुढे गेले. कागद घडी करून पिशवीत घातला आणि म्हटलं, "या मुलीला मी आठ गुण दिलेत. उत्तर मी पुन्हा मनात वाचून पाहिलं. शून्य देण्यासारखं त्यात काही नाही. माफी कशाची मागायची ते मला सापडलं नाही, सापडलं तर कळवीन." आणि खाली उतरले. उतरताना पायरी चुकले, पण ते कुणी पाहिलं नाही.

दोन वाजता निलंबनाचा कागद हातात. खडू, डस्टर, हजेरीपुस्तक, सगळं मोजून घेतलं माझ्याकडून. चोर असल्यासारखं! तेहतीस वर्षांनंतर एका माणसाच्या फुगलेल्या छातीपायी मी शाळेच्या फाटकाबाहेर. बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही, पण बैलाच्या शिंगांनी मारते मात्र! मी घरी येईपर्यंत रस्त्याने मोठ्याने बोलत होते, भाजीवाली घाबरली.

पण तू एक सांग, आणि खरं सांग. बाबांच्या दगडाचं काय केलंस?

ताई


१७ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार.

बाबांचा दगड शेडमध्ये आहे, गोणपाटाखाली, तोंड वर करून. रोज सकाळी फडका मारतो. तुमच्या भिंतीवर आहे तो माझा स्वतःचा, तेवढ्याच मापाचा. माझ्या आईबापाच्या नावाने ठेवलेला चांगला दगड त्या माणसाला द्यावा लागला, एवढंच दुःख आहे. दगड द्यायचा शब्द होता, दगड दिला. कुठला, ते बोलणं झालं नव्हतं.

कंत्राटदार येऊन नाचला. मी कानाला हात लावून म्हटलं, "काय? ऐकू येत नाही." तो ओरडला, "माननीय! माननीय!" मी म्हटलं, "तेच तर कोरलंय, माजी." मग चिठ्ठी काढून दाखवली. 'मा.' पूर्ण अक्षरांत. 'मा.'चे दोन अर्थ होतात हे अडाणी कारागिराला कुठून कळणार? त्याला कसं सांगू की माझी बहीण मास्तरीण आहे आणि आठ सप्टेंबरला तिने पत्रात समासासकट समजावून दिलं होतं! आता तो इकडे फिरकत नाही. न फिरकेना का. दुसरा दगड कोरायला गावातला एकही पाथरवट तयार नाही, आम्ही सगळे अचानक बहिरे झालो आहोत.

थट्टा पुरे. ताई, माझ्या त्या दोन अक्षरांमुळे तुझी नोकरी गेली का? तू बोलली नसतीस, नुसता दगड बोलला असता, तर तू वाचली असतीस का? हे माझ्या मनातून जात नाही. तू मला शिवी दे, पण उत्तर दे.

ठोक्या


१९ जानेवारी

ठोक्या,

तीन महिने मी तुला नुसती खुशाली कळवत राहिले, या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, कारण रागात दिलं असतं. आता देते. दगड तुझा होता, बोलणं माझं. तू कोरलं नसतंस तरी मी त्या माइकपुढे हेच बोलले असते. तुझ्यामुळे फक्त मला एकटीने बोलावं लागलं नाही. कळलं? आता पुन्हा हा विषय नको.

बातमी ऐक. संस्थेची निवडणूक झाली आणि बादली पडली. तीन महिने ते पोतं भिंतीवर होतं, वाऱ्याने उडायचं, साहेब माणूस पाठवून पुन्हा बांधून घ्यायचे. सभासद येता-जाता पोत्याखाली डोकवायचे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी शिपायाने कुणालाही न विचारता पोतं काढलं. दगडावर एका अक्षराचा फरक करावा लागला नाही. 'माजी' तर आता खरंच झालं!

आता तू हुरळून जाऊ नकोस, मीही दोन दिवस हुरळले होते. नवे अध्यक्ष आले. माझ्या निलंबनाचा कागद रद्द केला, गोड बोलले. त्या कापलेल्या खुर्च्या मात्र तशाच ठेवल्यात. आणि मी उठते न उठते तोच विचारतात कसे, "बाई, समोरच्या भिंतीवर अजून एका दगडाला जागा होईल नाही? तो कोरणारा कोण हो? अक्षर फार सुरेख आहे त्याचं." अंगाचा तिळपापड झाला माझ्या! घंटा तीच, बेडूक नवा. अरे, डोळ्यांसमोर एक जण पडला, त्याचा दगड अजून ओला आहे म्हटलं तरी चालेल, आणि यांना जागा हवी आहे! कविता सगळ्यांना कळते, फक्त आपली पाळी आली की कळत नाही. मी तुझा पत्ता दिलाय. "मा. पूर्ण अक्षरांत" घालायला सांगा, असंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

पण त्याच्या मोबदल्यात एक मागून घेतलं. भिंतीवरच्या त्या जागेत आधी बाबांचा दगड बसणार. तो स्वतः घेऊन ये, गवंड्यावर सोडू नकोस. मागची बाजू मुलांना दाखवायची आहे मला, बसवण्याआधी. सगळी नववी अंगणात उभी करून ती खालची ओळ वाचून घेणार आहे, आणि मग विचारणार आहे की वरची कुणाची. आणि पुढून तो ळ. दोन्ही गोळे त्यांना मोजायला लावीन.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. अध्यक्षांच्या टेबलाचा खण रिकामा करताना मैनाची वही सापडली. शिपायाने आणून दिली. पान उघडलं. आठ तसाच, 'माजी'वर माझा लाल गोल तसाच. आज मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि तिच्यासमोर तो गोल खोडला. आठावर काट मारून दहा लिहिले आणि खाली सही केली.

तिने दहा बघितले. अलीकडे बोलायला लागलीय ना, लगेच म्हणाली, "पण बाई, तेव्हा ते चूकच होतं ना?"

मी म्हटलं, "चूक नव्हतं ग. तू जरा आधी लिहिलंस, एवढंच."

तुझी ताई